गाडी घरासाठी घ्या, गल्लीसाठी नको

अमरावती-अकोल्याच्या आपल्या वस्त्यांमध्ये आता विहाराच्या बाजूला, नालीवर फरशी टाकून, एखाद-दुसरी चारचाकी उभी दिसते. कोणी जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले असते, कोणाच्या मुलाला पुण्यात नोकरी लागलेली असते, कोठे दोघे भाऊ मिळून गाडी घेतात. ज्या समाजाच्या मागच्या पिढीने अशोक विजयादशमीला नागपूरपर्यंत मालगाडीसारख्या भरलेल्या रेल्वेडब्यात उभ्याने प्रवास केला, त्या समाजाच्या दारात स्वतःची गाडी उभी राहावी याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. हा लेख गाडी घेऊ नका असे सांगण्यासाठी नाही. कोणती घ्यावी, एवढाच प्रश्न आहे.

हा प्रश्न आला की आपल्याकडे एकच उत्तर ऐकू येते. "घेतली त मोठीच घ्या नं भाऊ, लोकायनं पाह्यलं पाहिजे!" मोठी म्हणजे उंच, रुंद, समोरून छाती काढल्यासारखी दिसणारी. तिलाच हल्ली एसयूव्ही म्हणतात. पुढारी त्यातून उतरतो, ठेकेदार त्यातून उतरतो, म्हणून आपणही त्यातूनच उतरावे असे वाटते. या वाटण्यामागे नुसता डामडौल आहे असे आम्ही म्हणणार नाही. त्यामागे आपला इतिहास आहे आणि तो आधी समजून घेतला पाहिजे.

बाबासाहेबांनी आपल्या आयुष्यातील अस्पृश्यतेचे अनुभव 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या लिखाणात सांगितले आहेत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली पुस्तिका म्हणून छापले. त्यातले दोन अनुभव गाडीचेच आहेत. पहिला १९०१ सालचा. लहानगा भीम, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुले वडिलांना भेटायला निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. चांगले कपडे पाहून स्टेशनमास्तरने आधी आपुलकीने चौकशी केली. जात कळताच तो मागे सरला. बैलगाड्या बाहेर उभ्या होत्या, पण महाराची पोरे गाडीत घ्यायला कोणी तयार नव्हते. शेवटी दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक गाडीवाला राजी झाला, तोही या अटीवर की गाडी पोरांनीच हाकायची आणि तो बाजूने पायी चालणार. त्या प्रवासात मुलांना प्यायला पाणीसुद्धा मिळाले नाही.

दुसरा अनुभव १९२९ सालचा, चाळीसगावचा. आता बाबासाहेब बॅरिस्टर होते, सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद होते. स्टेशनवर लोक त्यांना न्यायला आले होते, पण टांगेवाले टांगा हाकायला तयार होईनात. टांगा भाड्याने देऊ, हाकणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. पाहुण्याला पायी न्यायचे आपल्या लोकांना बरे वाटेना. म्हणून त्यांनी टांगा घेतला आणि ज्याला हाकण्याची सवय नव्हती अशा आपल्यातल्याच एकाला पुढे बसवले. नदीवरच्या पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली पात्रात गेले. बाबासाहेबांचा पाय मोडला. पुढे त्यांना खरी हकीकत कळली तेव्हा त्यांनी जे नोंदवले त्याचा अर्थ असा की, त्यांचा मान राखण्यासाठी लोकांनी त्यांचा जीव धोक्यात घातला होता. पाहुण्याच्या मानापेक्षा त्याची सुरक्षितता मोठी आहे, याचा त्या भल्या माणसांनी विचार केला नव्हता.

बंधू-भगिनींनो, चाळीसगावच्या त्या लोकांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. दोष त्या टांगेवाल्यांचा आणि त्यांना तसे वागायला शिकवणाऱ्या धर्मव्यवस्थेचा होता. पण शोरूममध्ये पाऊल टाकताना ती घटना आठवावी असे आम्हाला वाटते. मान हवा, तो आपला हक्क आहे. पण मानासाठी जीव आणि संसार पणाला लागत असेल तर थांबून हिशेब केला पाहिजे.

आता गाड्यांकडे वळू. 'स्टेशन वॅगन' हा शब्द आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेला नसेल. परदेशात पूर्वी रेल्वे स्टेशनवरून माणसे आणि त्यांचे सामान घरी नेण्यासाठी जी गाडी असे, तिच्यावरून हे नाव पडले. मसूर स्टेशनवर भीमरावांना जिची गरज होती आणि जी मिळाली नाही, तीच ही गाडी म्हणा ना! साध्या कारइतकीच बुटकी, पण टप मागेपर्यंत सरळ नेलेला, त्यामुळे मागे भरपूर जागा. घरची माणसे, गादीच्या वळकट्या, डबे, सगळे आत.

भारतातही अशा गाड्या येऊन गेल्या. टाटांनी १९९२ मध्ये 'एस्टेट' आणली, मारुतीने 'बलेनो अल्टुरा' आणली, २००४ मध्ये टाटांची 'इंडिगो मरीना' आली. एकही फार टिकली नाही. आपल्याकडे मागे वेगळी डिकी दिसली तरच ती खरी कार, असा समज होता. मोठ्या कुटुंबांना १९९४ मध्ये 'सुमो' मिळाली, २००० मध्ये 'बोलेरो' आणि 'क्वालिस' मिळाली. पुढे उंच गाड्यांची लाटच आली. आज आपल्या ऐपतीत बसेल अशी नवी स्टेशन वॅगन शोरूममध्ये मिळत नाही. पण तिचे काम करणारी गाडी मिळते. तीन रांगांची, सात जणांची, कारच्या घडणीची, एसयूव्हीपेक्षा कमी अवजड. २०१२ मध्ये आलेली मारुतीची 'अर्टिगा', २०१९ मध्ये आलेली रेनोची 'ट्रायबर', २०२२ मध्ये आलेली कियाची 'कॅरेन्स' या त्या जातीच्या. माफ करा, जात हा शब्द आम्ही गाड्यांपुरताच वापरला!

उंच गाडीपेक्षा बुटकी गाडी बरी का? आपल्या वऱ्हाडात हे समजावून सांगायला पुस्तक लागत नाही. कापसाने वरपर्यंत भरलेली बंडी वळणावर कशी झुकते ते प्रत्येकाने पाहिले आहे. तीच बंडी रिकामी असली की तशी झुकत नाही. वजन जितके वर, तितकी उलटण्याची भीती जास्त. अमेरिकेच्या सरकारी वाहतूक सुरक्षा खात्याने याचे एक माप ठरवले आहे. दोन्ही बाजूंच्या चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याला गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचे. येणारा आकडा जितका मोठा तितकी गाडी जमिनीला धरून. साध्या कारचा आकडा साधारण १.३ ते १.५ येतो, एसयूव्हीचा १ ते १.३. नव्या गाड्यांत घसरण सावरणारी यंत्रणा असते आणि तिचा उपयोगही होतो. पण सात माणसे बसवून, वर टपावर कॅरिअर लावून, त्यावर तंबूचे आणि स्वयंपाकाचे सामान बांधले की कंपनीने केलेला सगळा हिशेब बदलतो. ६ डिसेंबरला मुंबईकडे निघणाऱ्या किती गाड्या अशा भरलेल्या असतात ते आपण पाहतोच.

दुसरी गोष्ट पायी चालणाऱ्याची. २०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातात १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यातली शंभरात ४४ दुचाकीवरची होती आणि १९ पायी चालणारी. म्हणजे मरणाऱ्यांत निम्म्याहून अधिक माणसे गाडीच्या आत नव्हतीच. ही माणसे कोण? सकाळी एमआयडीसीत पायी जाणारा कामगार, शाळेत जाणारी मुलगी, सायकलवरून दूध घालणारा. म्हणजे आपणच. अमेरिकेतील रस्ता सुरक्षेवर काम करणाऱ्या विमा कंपन्यांच्या संस्थेने २०२३ मध्ये अभ्यास करून सांगितले की, ज्या गाडीचे बॉनेट ४० इंचांहून उंच असते, तिच्या धडकेत पादचारी मरण्याची शक्यता बुटक्या आणि उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असते. बुटकी गाडी पायाला धडकते, उंच गाडी छातीला आणि डोक्याला. शिवाय उंच बॉनेटसमोर उभे असलेले लहान मूल चालकाला दिसतच नाही. आपल्या वस्तीतली गल्ली दहा फुटांची, तिच्यात पोरे खेळणार, म्हातारी उन्हात बसणार. त्या गल्लीत कोणती गाडी आणायची याचा विचार गाडीवाल्यानेच केला पाहिजे. समतेची गोष्ट आपण व्यासपीठावरून बोलतो, ती रस्त्यावरही लागू आहे.

तिसरी गोष्ट घरातल्या आजीची. जिचे गुडघे धुणीभांडी आणि निंदण-खुरपण करून झिजले आहेत, तिला उंच गाडीत चढायला दोघांनी धरावे लागते. गाडी तिच्यासाठी घ्यायची आणि तिलाच बसता येत नाही! बुटक्या गाडीत ती लुगडे सावरून स्वतःची स्वतः बसते. तसेच घरातल्या मुलीला किंवा सुनेला गाडी शिकवायची असेल, आणि शिकवलीच पाहिजे, तर चारही कोपरे दिसणारी गाडी तिला लवकर हाताळता येते.

"पण आमच्याकडचे रस्ते?" असे कोणी विचारील. प्रश्न बरोबर आहे. अमरावती ते अकोला हा राष्ट्रीय महामार्ग आता चौपदरी आहे. याच पट्ट्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात नोंद झाली. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. अशा रस्त्यांवर उंच गाडीचे काही काम नाही. मात्र ज्याची रोजची वाट काळ्या मातीच्या पांदणीतून शेतावर जाते, किंवा जो मेळघाटात नोकरीला आहे, त्याने बोलेरोसारखी दणकट गाडी घेतली तर ती चैन नव्हे, ते त्याचे अवजार आहे. पण एवढे लक्षात ठेवा की पावसाळ्यातल्या चिखलात नुसती उंची उपयोगी पडत नाही, चारही चाकांना जोर लागतो. आणि शोरूममध्ये एसयूव्ही म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्यांत जोर दोनच चाकांना असतो. छोट्या, स्वस्त एसयूव्ही म्हणून ज्या मिळतात, त्यातल्या पुष्कळशा म्हणजे साध्या कारला उंच पाय लावलेले, आत जागा पाचांचीच.

आता पैशाचा हिशेब. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. गाडी ४ मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तर कर १८ टक्के. त्यापेक्षा मोठी असेल तर ४० टक्के. कराआधीची किंमत ७ लाख धरली तर पहिलीवर कर १ लाख २६ हजार, दुसरीवर २ लाख ८० हजार. फरक १ लाख ५४ हजारांचा. ट्रायबर ४ मीटरच्या आत आणि इंजिन ९९९ सीसीचे, म्हणून ती १८ टक्क्यांत येते. अर्टिगा सुमारे ४.४ मीटर लांब आणि इंजिन १४६२ सीसीचे, म्हणून ४० टक्क्यांत. बोलेरो दणकट असूनही १८ टक्क्यांतच बसते. त्यावर आरटीओचा एकरकमी कर वेगळा. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, त्याच किमतीच्या डिझेल गाडीला १३ टक्के, आणि १० लाखांच्या वर गेले की आणखी एक टक्का.

कर्जाचे गणित मांडू. व्याज ९ टक्के धरा. ६ लाखांचे कर्ज ५ वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १२,४५५ रुपये. १२ लाखांचे घेतले तर २४,९१०. हा हप्ता पेलत नाही म्हणून एजंट सांगतो, "साहेब, सात वर्षांचं करून टाकू." मग हप्ता १९,३०७ वर येतो आणि माणसाला हायसे वाटते. पण ५ वर्षांत व्याज २ लाख ९५ हजारांच्या आसपास गेले असते, ते ७ वर्षांत ४ लाख २२ हजारांच्या आसपास जाते. हप्ता कमी झाला तो सव्वा लाखाचे जादा व्याज देऊन. आणि सात वर्षांनी गाडीची किंमत काय उरते ते कोणालाही विचारा.

तेलाचेही तसेच. महिन्याला १००० किलोमीटर धावणारी गाडी लिटरमागे १८ किलोमीटर देत असेल तर ५६ लिटर लागते, १२ देत असेल तर ८३ लिटर. लिटरचे १०० रुपये धरले तरी महिन्याला पावणेतीन हजारांचा फरक, वर्षाला ३३ हजार. एवढ्या पैशात मुलीच्या वसतिगृहाचा खर्च बराचसा निघतो. उंच, रुंद गाडीला वारा जास्त अडवतो आणि वजनही जास्त असते, म्हणून ती जास्त तेल पिते. त्यात कोणाचा दोष नाही, तो तिचा स्वभाव आहे.

तथागतांनी सिगालाला गृहस्थधर्म सांगताना मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग व्यवसायासाठी आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. व्यग्घपज्जाला त्यांनी सांगितले की, मिळकत आणि खर्च यांचा तोल राखून जगावे, फार उधळपट्टीही नको आणि फार कंजूषपणाही नको. आज शाळा, दवाखाना, घरभाडे यांचे ओझे वेगळे आहे, म्हणून आम्ही साधा नियम सुचवतो. गाडीचा हप्ता, तेल आणि विमा मिळून हातात पडणाऱ्या पगाराच्या पाचव्या हिश्शावर जाता कामा नये. जात असेल तर लहान गाडी घ्यावी किंवा एक वर्ष थांबावे. मुलांच्या शिक्षणाच्या ठेवीला हात लावून घेतलेली गाडी, कितीही चकचकीत असली, तरी ती घराला मागे नेते.

सात सीटच्या गाडीचेही दोष आहेत, तेही सांगतो. सातही जण बसले की सामानाला जागा फार थोडी उरते. ट्रायबरमध्ये ८४ लिटर, अर्टिगात २०९ लिटर. ट्रायबरची मागची सीट काढून घरी ठेवता येते, मग ६२५ लिटर जागा होते, पण माणसे पाचच. तिसऱ्या रांगेत मोठ्या माणसाचे गुडघे पोटाशी येतात, ती मुलांचीच जागा. सीएनजीची टाकी साधारणपणे डिकीची जागा खाते. शिवाय बुटकी गाडी म्हणजे आपोआप मजबूत गाडी नव्हे. सुरक्षिततेचे तारे पाहताना परीक्षा कोणत्या साली झाली ते जरूर विचारा. ग्लोबल एनकॅप संस्थेने २०२१ मध्ये ट्रायबरला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी ४ तारे दिले, २०२४ मध्ये अर्टिगाला १ दिला. पण मध्ये २०२२ साली परीक्षा कडक झाली होती. चौथीच्या आणि दहावीच्या मार्कांची तुलना करायची नसते. आपल्या सरकारची भारत एनकॅप परीक्षा ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. गाडीचा तिथला निकाल काय, तो मागून घ्या.

शोरूममध्ये एकट्या पुरुषाने जाऊ नये. सगळे घर घेऊन जावे. आजीला मधल्या रांगेत बसवून पाहावे, उंच मुलाला मागे बसवावे, सातही जण बसल्यावर गाडी चालवून पाहावी. प्रत्येक सीटला पट्टा आहे की नाही ते मोजावे. सीट समोर तोंड करून असावी, बाजूला तोंड करून बसवणारे बाक मुलांसाठी नको. मूल मांडीवर घेऊन पुढे बसण्याची सवय सोडावी. धडकेत ते हातात राहत नाही. सर्व्हिसिंग आपल्याच शहरात होते का, पासिंग एमएच २७ चे असो की एमएच ३० चे, विमा शोरूमच्याच माथी मारतात का बाहेरून घेता येतो, सगळे विचारावे. आणि "रिकाम्या दिवशी भाड्याने लावू, हप्ता निघेल" हा विचार मनातून काढावा. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवणे बेकायदा आहे, आणि तशात अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो. धंदाच करायचा तर पिवळी पाटी, परमिट आणि फिटनेस घेऊन उजळ माथ्याने करावा.

आता शेवटचे. एके काळी दुप्पट भाडे देऊनही आपल्याला कोणी गाडीत घेत नव्हते. आज आपण किल्ली हातात घेऊन निघतो. हा बदल बाबासाहेबांच्या लढ्याने आणि आपल्या आईबापांच्या कष्टाने झाला आहे. तो दाखवण्यासाठी गाडी दोन हात उंच असण्याची गरज नाही. गाडीत आजी निवांत बसलेली असावी, पोरे पट्टे लावून मागे बसलेली असावीत, हप्ते वेळेवर जात असावेत आणि रस्त्याने पायी चालणाऱ्याला आपली भीती वाटू नये. यंदा दसऱ्याला दीक्षाभूमीला जाल तेव्हा वाटेत कोणी म्हातारा समाजबांधव बसची वाट पाहत उभा दिसला आणि एखादी सीट रिकामी असेल, तर थांबा आणि त्याला आत घ्या.

जयभीम!